स्वतः कंपाइल केलेला पायथन आणि न सापडणारी मॉड्यूल्स

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत तक्रार बहुतेक एकच आहे. लिनक्सबरोबर आलेला पायथन जुना वाटला म्हणून नव्या आवृत्तीचा सोर्स (मूळ कोड) उतरवला, स्वतः कंपाइल केला (त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवला), इन्स्टॉलही झाला. पण पहिल्याच इम्पोर्टला, म्हणजे मॉड्यूल (तयार कोडचा भाग) मागवताना, 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर'. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे.

कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. वेगळे सांगितले नसेल तिथे सगळी अक्षरे लहान, आणि तिरकस रेघ, आडवी रेघ, टिंब, अंडरस्कोर जिथल्या तिथे.

प्रश्न कोणताही असो, ज्या पायथनमध्ये एरर येते त्याच पायथनमध्ये आधी हे चालवा: इम्पोर्ट सिस, प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल), प्रिंट(सिस.पाथ). नेमका कोणता पायथन चालू आहे ते पहिले उत्तर सांगते, आणि तो मॉड्यूल कोणकोणत्या फोल्डरांत शोधतो ते दुसरे. ही दोन उत्तरे हातात येईपर्यंत काहीही नवीन इन्स्टॉल करू नका. चुकीच्या पायथनमध्ये दहा पॅकेजेस भरून ठेवली की खरा दोष शोधणे अवघड होऊन बसते.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. प्रोजेक्टसाठी पायथन ३.११ हवा होता म्हणून सोर्सवरून कंपाइल केला. मेक (कंपाइल करणारी कमांड) कुठेही अडले नाही. पण पिप (पॅकेजेस उतरवणारे अवजार) काहीही उतरवत नाही, एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही म्हणते. मित्र म्हणतो, एसएसएल पिपनेच इन्स्टॉल कर. ते कसे करायचे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

ते करायचेच नाही. एसएसएल हे सुरक्षित जोडणीचे, पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतले (पायथनबरोबरच येणाऱ्या संचातले) मॉड्यूल आहे, ते पिपने येत नाही. पिपच्या भांडारात एसएसएल नावाचे एक पॅकेज आहे खरे, पण ते पायथन २.३ ते २.५ साठी होते. आजच्या पायथनवर ते इन्स्टॉलच होत नाही. मित्राच्या मशीनवरून ते पेनड्राइव्हवर आणण्याच्या खटपटीत पडू नका.

दोष कंपाइल करतानाच राहिला आहे. स्टँडर्ड लायब्ररीतली काही मॉड्यूल्स सी भाषेत लिहिलेली असतात आणि त्यांना बाहेरच्या लायब्रऱ्या लागतात. एसएसएलला ओपनएसएसएल लागते, झेडलिबला झेडलिब, सीटाइप्सला लिबएफएफआय. कंपाइल करताना त्या लायब्ररीच्या हेडर फाइल्स (लायब्ररी कशी वापरायची ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइल्स) मशीनवर नसतील तर पायथन ते मॉड्यूल गाळतो आणि पुढे जातो. पायथनच्या लेखी ही मॉड्यूल्स ऐच्छिक आहेत, म्हणून मेक अपयशी ठरत नाही. मेकच्या शेवटच्या काही ओळींत, अमुक ऐच्छिक मॉड्यूल्ससाठी आवश्यक त्या गोष्टी सापडल्या नाहीत असा एक परिच्छेद येतो आणि खाली नावांची यादी असते. हजारो ओळी सरकून गेल्यावर तो कोणी वाचत नाही, आणि सगळी गडबड तिथेच सांगितलेली असते.

एररमधले नाव नीट पाहा. शेवटच्या ओळीत _एसएसएल, _सीटाइप्स, _एसक्यूलाइट३ असे अंडरस्कोरने सुरू होणारे नाव असेल, तर सीमध्ये लिहिलेला भाग तयारच झालेला नाही असे समजा. अशा नावाला पिप हे औषध कधीच नसते.

आता दुरुस्ती. आधी डेव्ह पॅकेजेस, म्हणजे हेडर असलेली पॅकेजेस, घ्या. सुडो एपीटी इन्स्टॉल लिहून पुढे ही नावे द्या: बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, टीके-डेव्ह, यूयूआयडी-डेव्ह, लिबजीडीबीएम-डेव्ह. झेडलिब१जी या नावात एक हा आकडा आहे, एल हे अक्षर नव्हे. तिथे हमखास चूक होते. आज गरज फक्त एसएसएलची असली तरी यादी पूर्ण घ्या. एसक्यूलाइट नसेल तर जँगो (वेबसाइट बनवण्याचे पॅकेज) पहिल्याच दिवशी अडेल, एलझेडएमए नसेल तर पांडाज (आकडेवारीचे पॅकेज) कुरकुर करेल, रीडलाइन नसेल तर बाणाची कळ दाबल्यावर मागची ओळ येण्याऐवजी चित्रविचित्र खुणा उमटतील, आणि टीके नसेल तर आयडल (पायथनबरोबर येणारा एडिटर) उघडणार नाही. प्रत्येक वेळी पुन्हा कंपाइल करत बसावे लागेल.

मग सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन मेक डिस्टक्लीन द्या. ही पायरी चुकवू नका. आधीच्या कॉन्फिगरने (मशीनवर काय आहे ते तपासणाऱ्या स्क्रिप्टने) 'ओपनएसएसएल नाही' असे नोंदवून ठेवलेले असते. नुसते मेक पुन्हा दिले तर तीच नोंद वापरली जाते आणि पॅकेजेस टाकूनही फरक पडत नाही. त्यानंतर क्रमाने:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/पायथन३११
मेक -जे४
सुडो मेक ऑल्टइन्स्टॉल

कॉन्फिगर चालू असताना ओपनएसएसएलशी कंपाइल आणि लिंक होते का, असे तपासणारी एक ओळ येते. तिच्यापुढे 'येस' दिसले पाहिजे. 'नो' असेल तर पुढे जाऊ नका, कॉन्फिग.लॉग ही फाइल उघडून त्यात ओपनएसएसएल शोधा, कोणते हेडर मिळाले नाही ते तिथे नावासकट असते. -जे४ म्हणजे एका वेळी चार कामे; प्रोसेसरला कोअर जितके असतील तितका आकडा द्या, मेमरी कमी असेल तर दोनवर भागवा. --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स हा पर्याय पहिल्या खेपेला लावू नका. त्याने पायथन वेगवान होतो, पण कंपाइलला बराच जास्त वेळ लागतो. आधी सगळी मॉड्यूल्स येतात का ते बघावे, मग हवे तर ऑप्टिमायझेशन.

शेवटी तपासणी: /ऑप्ट/पायथन३११/बिन/पायथन३.११ -सी, आणि पुढे अवतरणात इम्पोर्ट एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, झेडलिब, बीझेड२, एलझेडएमए, रीडलाइन, टीकेइंटर. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला की काम झाले. या ओळीत एखादे नाव अडले तर तेवढेच डेव्ह पॅकेज राहिले आहे असे समजा.

आधीच्या पायथनवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टच्या पॅकेजेसचे वेगळे फोल्डर) तयार केले असेल आणि आवृत्ती व प्रीफिक्स (इन्स्टॉलचा पत्ता) तेच ठेवले असेल, तर ते पुन्हा करायची गरज नाही. एन्व्हायर्नमेंट स्टँडर्ड लायब्ररी मूळ पायथनकडूनच घेते, त्यामुळे त्यालाही एसएसएल आपोआप मिळते.

प्रश्न : आमच्या लॅबच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ आहे, तो बदलण्याची परवानगी नाही. ओपनएसएसएल-डेव्हल टाकले, तरी पायथन ३.१० मध्ये एसएसएल येतच नाही. ३.९ मध्ये मात्र येते.
— पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञ, मिरज

तुमचे काही चुकलेले नाही. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल किमान १.१.१ लागते आणि सेंटओएस ७ मध्ये १.०.२ आहे. हेडर सापडतात पण आवृत्ती बसत नाही, म्हणून मॉड्यूल गाळले जाते.

सिस्टिमची ओपनएसएसएल बदलू नका. एसएसएच (दुरून लॉगिन) आणि यम (पॅकेजेस टाकणारे अवजार) दोन्ही तिच्यावर उभे आहेत. नवी ओपनएसएसएल बाजूला, वेगळ्या फोल्डरमध्ये कंपाइल करा. तिच्या सोर्समध्ये ./कॉन्फिग --प्रीफिक्स=/ऑप्ट/ओपनएसएसएल --लिबडिर=लिब द्या (इथे फाइलचे नाव कॉन्फिग आहे, कॉन्फिगर नव्हे), मग मेक, मग सुडो मेक इन्स्टॉल_एसडब्ल्यू. लिबडिरचा पर्याय मुद्दाम दिला आहे. ओपनएसएसएल ३ चौसष्ट बिटच्या मशीनवर लायब्रऱ्या लिब६४ मध्ये ठेवते आणि पायथनचा कॉन्फिगर त्या लिबमध्ये शोधतो. लोक इथे तासन्‌तास अडकतात.

मग पायथनच्या कॉन्फिगरला प्रीफिक्सखेरीज आणखी दोन पर्याय द्या: --विथ-ओपनएसएसएल=/ऑप्ट/ओपनएसएसएल आणि --विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो. दुसरा ३.१० पासून आला आहे. तो नसेल तर मॉड्यूल तयार होते, पण चालवताना लायब्ररी कुठे आहे ते त्याला कळत नाही आणि इम्पोर्ट पुन्हा कोसळतो. खात्री करायची तर लिब/पायथन३.१०/लिब-डायनलोड या फोल्डरमध्ये _एसएसएलने सुरू होणारी एसओ फाइल असते, तिच्यावर एलडीडी (फाइलला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) चालवा. लिबएसएसएलच्या पुढे /ऑप्ट/ओपनएसएसएल दिसले पाहिजे, 'नॉट फाउंड' नव्हे.

एवढे झाल्यावर पिप चालेल, पण तुमच्या प्रोग्रॅममधला यूआरएललिब (वेबवरून माहिती आणणारे मॉड्यूल) कदाचित सर्टिफिकेट पडताळणी फसली म्हणून तक्रार करेल. पिप स्वतःचा सर्टिफिकेट संच बरोबर बाळगतो, यूआरएललिब ओपनएसएसएलच्या फोल्डरमध्ये बघतो, आणि तुमच्या नव्या ओपनएसएसएलचे ते फोल्डर रिकामे आहे. एसएसएल_सर्ट_फाइल या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सगळी मोठी अक्षरे) /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स/सीए-बंडल.सीआरटी हा पत्ता द्या. पडताळणीच बंद करून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसेल. रुग्णांची माहिती ज्या मशीनवरून जाते तिथे तो कदापि मानू नका.

लिबएफएफआयबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण सेंटओएसवाल्यांचा पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल. ३.७ पासून पायथनच्या सोर्सबरोबर लिबएफएफआय येत नाही, ती सिस्टिमचीच लागते. लिबएफएफआय इन्स्टॉल असूनही _सीटाइप्स सापडत नाही याचा अर्थ नुसती लायब्ररी आहे, लिबएफएफआय-डेव्हल नाही. चालवायला लायब्ररी पुरते, कंपाइल करायला हेडर लागतात.

प्रश्न : आमच्या अडत दुकानात हळदीच्या सौद्यांचा हिशेब पायथनच्या प्रोग्रॅमवर आहे. नवीन ३.११ टाकल्यावर पायथन३ ही लिंक तिकडे वळवली. आता टर्मिनल उघडत नाही, आणि दुसऱ्या मार्गाने एपीटीची काही कामे करायला गेलो तर एपीटी_पीकेजी नावाचे मॉड्यूल सापडत नाही. उबुंटू २२.०४ आहे. पुन्हा पूर्ण फॉरमॅट करावे लागेल का?
— मार्केट यार्ड, सांगली

फॉरमॅट अजिबात नको, आणि हिशेबाच्या डेटाला काहीही धक्का लागलेला नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मागेल. तिथे एलएस -एल /यूएसआर/बिन/पायथन३ देऊन लिंक कुठे जाते ते पाहा. अपडेट-ऑल्टरनेटिव्हज वापरून वळवली असेल तर आधी सुडो अपडेट-ऑल्टरनेटिव्हज --रिमूव्ह-ऑल पायथन३ द्या. या कमांडने ती लिंक नाहीशी होते, म्हणून लगेच पुढची द्यायची: सुडो एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३. हाताने वळवली असेल तर ही दुसरी एकटी पुरे. मशीन रीस्टार्ट करा, टर्मिनल उघडेल.

असे का झाले ते समजून घेतलेत तर पुन्हा होणार नाही. उबुंटूची बरीच अवजारे पायथनमध्ये लिहिलेली आहेत. टर्मिनल उघडणारी फाइलसुद्धा एक पायथन स्क्रिप्टच आहे. त्यांना लागणारी जीआय, एपीटी_पीकेजी ही मॉड्यूल्स /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस या फोल्डरमध्ये असतात. डिस्ट-पॅकेजेस ही डेबियन आणि उबुंटूची स्वतःची पद्धत आहे. तुम्ही सोर्सवरून केलेला पायथन फक्त आपल्या साइट-पॅकेजेसमध्ये बघतो, त्याला ते फोल्डर ठाऊकच नाही.

मग पायथनपाथमध्ये ते फोल्डर जोडले तर? तरीही नाही. त्या फोल्डरमधली फाइल पाहा, तिचे नाव एपीटी_पीकेजी.सीपायथन-३१०-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ असे आहे. मधला ३१० म्हणजे ही फाइल पायथन ३.१० साठी कंपाइल केली आहे. ३.११ आपल्या नावात ३११ असलेली फाइल शोधतो आणि हिला हात लावत नाही. फाइलची नक्कल करून नावातला आकडा बदला, असा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसतो. तो करू नका. दोन आवृत्त्यांमध्ये आतील रचना बदललेली असते. इम्पोर्ट झालाच तर प्रोग्रॅम अधूनमधून कुठेही कोसळेल आणि कारण सापडणार नाही.

आमचे मत यावर ठाम आहे: /यूएसआर/बिन/पायथन३ ही लिंक सिस्टिमच्या मालकीची आहे, तिला कधीही हात लावायचा नाही. याच कारणासाठी मेक इन्स्टॉल न देता मेक ऑल्टइन्स्टॉल द्यायचे. मेक इन्स्टॉल पायथन३ या नावाची लिंकही तयार करते. प्रीफिक्स दिला नसेल तर ती /यूएसआर/लोकल/बिन मध्ये जाते, आणि पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) ते फोल्डर /यूएसआर/बिनच्या आधी येते. पायथन३ म्हटले की मग नवाच हजर होतो. ऑल्टइन्स्टॉल फक्त पायथन३.११ या पूर्ण नावाने ठेवते आणि जुन्याला स्पर्श करत नाही.

हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी वेगळे एन्व्हायर्नमेंट करा: /ऑप्ट/पायथन३११/बिन/पायथन३.११ -एम व्हीएन्व्ह हिशेब. पुढे पॅकेजेस टाकताना हिशेब/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल असेच लिहा. नुसते पिप लिहिले तर ते कोणत्या पायथनचे पिप आहे याची खात्री नसते.

प्रश्न : द्राक्षबागेतल्या हवामान केंद्राची आकडेवारी वाचणारी स्क्रिप्ट आहे. सुडो लावून चालवली तर उत्तम चालते. सुडोशिवाय इम्पोर्ट पांडाज ही ओळ पार पडते, पण रीड_सीएसव्ही नावाचे काही पांडाजमध्ये नाही म्हणते! क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवण्याच्या सोयीत) टाकल्यावर तर पांडाजच सापडत नाही.
— द्राक्ष बागायतदार, तासगाव

तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत.

पहिला परवानगीचा. पॅकेजेस सुडो पिपने टाकताना तुमच्या खात्याचा यूमास्क (नव्या फाइल्सची परवानगी ठरवणारा आकडा) ०७७ होता असे दिसते. त्यामुळे पांडाजचे फोल्डर फक्त रूटला (मुख्य प्रशासकाला) उघडता येते. इतर कोणी इम्पोर्ट केला की पायथनला साइट-पॅकेजेसमध्ये पांडाज नावाचे फोल्डर दिसते, पण आतली __इनिट__.पीवाय फाइल दिसत नाही. इनिट फाइल नसलेले फोल्डर पायथन ३ मध्ये 'नेमस्पेस पॅकेज' म्हणून वैध असते. म्हणून परवानगीची एरर न येता इम्पोर्ट यशस्वी होतो आणि हाती रिकामे मॉड्यूल येते. प्रिंट(पांडाज.__फाइल__) करून पाहा, 'नन' छापले तर निदान पक्के. दुरुस्ती एका ओळीची आहे: सुडो सीएचमॉड -आर ए+आरएक्स /ऑप्ट/पायथन३११. यातला पहिला सुटा आर आणि शेवटचा एक्स मोठा, अधिकच्या चिन्हानंतरचा आर लहान. मोठा एक्स फोल्डरांना आणि आधीच चालवण्याजोग्या असलेल्या फाइल्सना तेवढी परवानगी देतो. लहान दिलात तर सगळ्याच फाइल्स चालवण्याजोग्या होतील. यापुढे रूटने काही इन्स्टॉल करण्यापूर्वी यूमास्क ०२२ द्या.

दुसरा दोष क्रॉनचा. क्रॉन तुमची बॅशआरसी फाइल (टर्मिनल उघडताना लागू होणाऱ्या सेटिंग्जची) वाचत नाही. डेबियन आणि उबुंटूवर त्याचा पाथ फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो, म्हणून तिथे पायथन३ म्हणजे सिस्टिमचा पायथन, आणि त्यात पांडाज नाही. क्रॉनच्या ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता लिहा आणि आउटपुट फाइलमध्ये वळवा; शेवटी २>&१ जोडले तर एररही त्याच फाइलमध्ये मिळेल. पत्ता एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा दिलात तर ॲक्टिव्हेट करण्याचीही गरज नाही.

प्रश्न : कंपाइल चालू असताना वीज गेली. आल्यावर मेक आणि ऑल्टइन्स्टॉल पुन्हा दिले, झाले. पण इम्पोर्ट मॅथला 'फाइल टू शॉर्ट' येते.
— दहिवडी

वीज जाताना लिहिली जात असलेली फाइल शून्य बाइटची राहिली. मेक फक्त फाइलची वेळ बघतो, आकार बघत नाही. फाइल नवी आहे म्हणून तो ती पुन्हा करत नाही. फाइंड /ऑप्ट/पायथन३११ -नेम '*.एसओ' -साइझ ० दिल्यावर अशा फाइल्स दिसतील. एकेक दुरुस्त करत बसू नका. प्रीफिक्सचे फोल्डर आणि सोर्सचे फोल्डर दोन्ही काढून टाका, टारबॉल (उतरवलेली सोर्सची फाइल) पुन्हा उलगडा आणि पहिल्यापासून करा. शून्य बाइटच्या पीवाय फाइल्स मात्र शोधू नका, कारण बऱ्याच __इनिट__.पीवाय फाइल्स मुळातच रिकाम्या असतात.

प्रश्न : --एनेबल-शेअर्ड देऊन कंपाइल केले. आता पायथन सुरूच होत नाही, लिबपायथन३.११.एसओ.१.० उघडता येत नाही म्हणतो.
— एमआयडीसी, सातारा

या पर्यायाने इंटरप्रिटरचा बहुतेक भाग वेगळ्या लायब्ररीत जातो, आणि ती /ऑप्टमध्ये आहे हे लिनक्सच्या लोडरला माहीत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पायथन बसवायचा नसेल तर हा पर्याय काढून पुन्हा कंपाइल करा. तुम्हाला तो लागत नाही. लागत असेल तर कॉन्फिगरच्या आधी त्याच ओळीत एलडीफ्लॅग्ज (मोठी अक्षरे) या व्हेरिएबलमध्ये -डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/पायथन३११/लिब ही किंमत द्या. यातला डब्ल्यू मोठा, बाकी लहान. एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत लिहून ठेवण्याचा उपाय आम्ही सुचवत नाही. तो सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होतो, आणि मशीनवर ३.११ च्या दोन बांधण्या असतील तर एकीचा इंटरप्रिटर दुसरीची लायब्ररी उचलतो. तेव्हा एरर न येता सिस.व्हर्जन भलताच आकडा दाखवतो, आणि मॉड्यूल्स का हरवली ते उमजत नाही.

प्रश्न : एका मशीनवर कंपाइल केलेला पायथन दुसरीकडे नेला. 'एन्कोडिंग्ज' नावाचे मॉड्यूल नाही म्हणून फेटल एरर येते.
— संगणक प्रशिक्षण वर्गाचे शिक्षक, वाई

बहुधा तुम्ही फक्त बिनमधली फाइल नेली. पायथन सुरू होताना आपल्या जागेवरून वर चढत लिब/पायथन३.११/ओएस.पीवाय ही फाइल शोधतो. ती जिथे मिळेल ते त्याचे घर. सी मॉड्यूल्ससाठी तसेच लिब-डायनलोड फोल्डर शोधतो. एन्कोडिंग्ज हे अगदी सुरुवातीला लागणारे मॉड्यूल आहे, म्हणून घर सापडले नाही की तक्रार त्याच्याच नावाने येते. संपूर्ण फोल्डर टारने, त्याच पत्त्यावर न्या. दोन्ही मशीनवर लिनक्सची आवृत्ती एकच असावी, नाहीतर ओपनएसएसएलचा प्रश्न पुन्हा उभा राहील. पत्ता बदलला तर पिप स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता तसाच राहतो, तेव्हा पायथन३.११ -एम पिप वापरा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मात्र नेऊ नका, तिकडे नवीन तयार करा.

फोल्डर पूर्ण नेले असूनही हीच एरर आली तर पायथनहोम हे व्हेरिएबल कुठे सेट केले आहे का पाहा. अनसेट पायथनहोम (पायथनहोम मोठ्या अक्षरांत) दिल्यावर चालले तर दोषी तेच. जुन्या कोर्सच्या कुठल्याशा सूचनेनुसार ते बॅशआरसीत लिहिलेले असते.

प्रश्न : ३.१२ कंपाइल केला, सगळी डेव्ह पॅकेजेस होती. तरी डिस्टयूटिल्स सापडत नाही. कोणते पॅकेज राहिले?
— इस्लामपूर

कोणतेही नाही. डिस्टयूटिल्स आणि आयएमपी ही मॉड्यूल्स ३.१२ मधून काढूनच टाकली आहेत, आणि ३.१३ मधून सीजीआय, टेलनेटलिब यांसारखी आणखी बरीच. हव्या असलेल्या पॅकेजची नवी आवृत्ती घ्या. तोवर पायथन -एम पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स केलेत तर डिस्टयूटिल्सची गरज तात्पुरती भागते, ३.१२ पासून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही.

प्रश्न : साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदींवरून अहवाल काढणाऱ्या जुन्या पर्ल स्क्रिप्ट आहेत. नवा पर्ल /ऑप्टमध्ये कंपाइल केल्यावर काही स्क्रिप्टना शेजारच्याच फोल्डरमधले आमचे स्वतःचे मॉड्यूल सापडत नाही, आणि काहींना डेटाबेसचे मॉड्यूल सापडूनही 'मिसमॅच्ड' अशी एरर येते.
— वाळवा तालुका

पहिल्याचे कारण पर्ल ५.२६ मधला बदल. त्याआधी @आयएनसी या शोधयादीच्या शेवटी टिंब, म्हणजे चालू फोल्डर, असायचे. सुरक्षेसाठी ते काढले गेले. पर्ल -व्ही (मोठा व्ही) दिल्यावर शेवटी ही यादी छापली जाते, तिथे टिंब नाही हे दिसेल. स्क्रिप्टच्या वरच्या भागात यूज फाइंडबिन, आणि त्याखाली यूज लिब "$फाइंडबिन::बिन", लिहा. यातल्या फाइंडबिनमध्ये एफ आणि बी मोठे, शेवटच्या बिनमध्ये बी मोठा. मग स्क्रिप्ट कोणत्याही फोल्डरमधून चालवली तरी शेजारचे मॉड्यूल मिळेल.

दुसरी एरर हँडशेक कीचा उल्लेख करत असेल. जुन्या पर्लसाठी कंपाइल झालेले मॉड्यूल नवा पर्ल उचलू पाहतो आहे, आणि त्याला ते दाखवणारे व्हेरिएबल आहे पर्ल५लिब (मोठी अक्षरे). ते अनसेट करा, तसेच स्क्रिप्टमध्ये यूज लिबने जुन्या फोल्डरचा पत्ता दिला आहे का पाहा. मग डीबीआय (पर्लचे डेटाबेसचे मॉड्यूल) आणि तुमच्या डेटाबेसचा डीबीडी ड्रायव्हर नव्या पर्लच्याच बिनमधल्या सीपॅनने (पर्लची मॉड्यूल्स उतरवणाऱ्या अवजाराने) टाका: सुडो /ऑप्ट/पर्ल/बिन/सीपॅन, आणि पुढे मोठ्या अक्षरांत डीबीआय. ड्रायव्हर कंपाइल होताना त्या डेटाबेसच्या क्लायंट लायब्ररीचे डेव्ह पॅकेज मागेल, ते आधीच घेऊन ठेवा. हे काम गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी करा, आणि जुना पर्ल नव्याशेजारी तसाच राहू द्या. स्क्रिप्टची पहिली ओळ एकेक करून नव्या पत्त्यावर न्या, आणि प्रत्येकीचा अहवाल जुन्या पर्लच्या अहवालाशी डिफने (दोन फाइल्समधला फरक दाखवणाऱ्या कमांडने) ताडून मगच पुढच्या स्क्रिप्टकडे वळा.